नगराळेकाकाजींच्या घरचं कनेक्शन

आमच्या कामात गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न एकच विचारायचा असतो. तुमच्या छतावर उभं राहिलं तर मारेगाव दिसतं का?

दिसत असेल तर घरात नेट येतं. दिसत नसेल तर काय काय करावं लागतं, ते लोकांना समजावण्यात माझी कॉलेजची वर्षं गेली. अशा लेखनात माणसं आयुष्यभराच्या नोकरीविषयी लिहितात, हे मला माहीत आहे. माझी नोकरी म्हणजे बी.एस्सी. करताना दुपारनंतर गुड्डूभाऊंच्या केबल-इंटरनेटच्या दुकानात केलेलं काम. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही, त्यामुळे लिहिलेलं बरोबर आहे का, हे घरी कोणाला दाखवताही येत नाही. तरी एका घरच्या कनेक्शनबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. नीट जमेल का, सांगता येत नाही.

आधी काम कसं चालतं ते सांगतो. मारेगावात गुड्डूभाऊंच्या इमारतीवर लोखंडी मनोरा आहे. तिथून नेट हवेतून सुटतं. गिऱ्हाइकाच्या घरावर जेवणाच्या ताटाएवढी एक डिश बसवायची, तिचं तोंड बरोबर मनोऱ्याकडे करायचं, आणि तिथून वायर खाली घरात आणायची. मध्ये टेकडी नको, झाड नको, पाण्याची टाकी नको. ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्या पूर्वेकडच्या भागात सागाचं जंगल आहे, आणि साग फसवतो. उन्हाळ्यात त्याची पानं झडलेली असतात, तेव्हा सर्व्हे केला की सिग्नल खणखणीत मिळतो. पावसाळ्यात तीच झाडं सुपाएवढ्या ओल्या पानांनी भरतात आणि नेट आटून जातं. म्हणून गुड्डूभाऊ म्हणायचे, "अबे, एप्रिलमधला सर्व्हे म्हणजे लग्नाआधीचा फोटो. त्याच्यावर इमान नाही ठेवाचं."

गिऱ्हाइकंही नाना तऱ्हेची. एका बाईंनी राउटरला धूळ लागू नये म्हणून त्यावर जाड गोधडीचा तुकडा शिवून घातला होता आणि तो तापून बंद पडतो म्हणून रोज आम्हाला फोन करायच्या. पांढरकवड्याच्या रस्त्यावरच्या एका ढाबेवाल्याला असं नेट हवं होतं, की ट्रकवाल्याने चहा सांगितला की सुरू व्हावं आणि चहा संपला की बंद. असं होत नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "मंग तुमी कॉलेजात शिकता काय?"

ती बोंडअळीची वर्षं होती. बोंड बाहेरून भरलेलं दिसायचं आणि फोडलं की आत अळी. फवारताना शेतातच माणसं कोसळत होती. आमच्याकडे कापूस विकला की घरात नवा मोबाइल येतो, नेट येतं. त्या हंगामात फोन यायचे ते डिश काढून न्या म्हणून. कापसातली सरकी काढायचं जिनिंग लवकर बंद पडलं. माझी आई तिथे कामाला होती, तीही घरी बसली. मी जोडण्यापेक्षा उतरवण्याचंच काम जास्त करत होतो. कोणाच्या घरावरून डिश उतरवताना तो माणूस खाली अंगणात उभा राहून वर बघत नाही, हे मी तेव्हा शिकलो.

अशा दिवसांत नव्या कनेक्शनसाठी एक फोन आला, आणि तो मस्कतवरून.

"नेटवाले ना तुमी? मी अरविंद नगराळे बोलतो."

परदेशातला नंबर बघून मी ताठ बसलो आणि शाळेतल्या भाषेत म्हणालो, "हो सर, बोला सर."

"सर कायले म्हणतं बाबू? मी तिकडचाच हावो. टेकडीमागचं गाव. दादाराव काटेवाल्याचा पोरगा."

गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. दादाराव नगराळे मात्र आमच्या भागात बऱ्याच जणांना माहीत होते. जिनिंगमध्ये कापूस मोजण्याच्या काट्यावर त्यांचा जन्म गेला होता. त्यांचा अरविंद आयटीआय करून नागपूरला आणि तिथून मस्कतला गेला. एका बांधकाम कंपनीत इमारतींचे नकाशे काढायचा. त्याची आई मागच्या वर्षी वारली. नंतर वडिलांना अर्धांगवायूचा हलका झटका येऊन गेला. एक पाय ओढत चालायचे आणि घरात एकटेच. यवतमाळला खोली घेतो म्हटलं तर ते गाव सोडायला तयार नव्हते.

"आमचा साहेब म्हणते, घरून काम करून पाह्य," अरविंदभाऊ म्हणाले. "पण पहिले चाचणी घेईन. कामाच्या वेळेत नेट टिकलं तं मी घरी. नाही टिकलं तं बाबा तिथं आन् मी इथं. एवढंच हाये पाह्य सारं."

मी नेहमीप्रमाणे आमच्या प्लॅनचा वेग सांगायला लागलो. त्यांनी मध्येच थांबवलं. "खाली किती येते थे सोड. वर किती जाते थे सांग." मला ते पटकन कळलं नाही. लोकांना पिक्चर बघायचे असतात, म्हणजे नेट घरात यायला हवं असतं. त्यांना घरातून मोठमोठे नकाशे मस्कतला पाठवायचे होते. तोपर्यंत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी गुड्डूभाऊंना विचारून सांगतो म्हणालो.

नंतर आमचं आठवड्यातून दोन-तीनदा बोलणं होऊ लागलं. परदेशातून परत येणाऱ्या माणसाला किती गोष्टी ठरवाव्या लागतात, ते मला त्यांच्याकडून समजलं. मस्कतचा नंबर बंद करता येत नव्हता, कारण तिथल्या बँकेचा कोड त्याच नंबरवर यायचा. म्हणजे ते सिम इथेही चालू हवं आणि त्याला रेंज हवी. गावात मोबाइलची रेंज फक्त शाळेच्या मागच्या भिंतीजवळ मिळायची. तिथे सकाळ-संध्याकाळ माणसं भिंतीला टेकून बोलत उभी असत. तारेचा सरकारी फोन चांगला, लाईट गेली तरी चालतो, म्हणून त्यांनी त्याचीही चौकशी करायला लावली. मी गेलो तर तिथला माणूस म्हणाला, "कनेक्शन देतो ना बाप्पा, पण तार कुठी हाये? तांबं कवाच चोरून नेलं." मस्कतमध्ये नेटवरून फोन लावायला सरकारची बंदी, आणि इकडून परदेशात साधा फोन लावणं महाग. असं एकेक खोडत गेलो तेव्हा आमची डिश तेवढी उरली.

मी सर्व्हेला गेलो तेव्हा दादाराव काकाजी ओसरीवर बसले होते.

"कोण हाये रे?"

"नेटवाला, काकाजी."

"अरविंदनं धाडलं का? मंग चढ. पण कौलावर पाय नको देजो. भिंतीवरून जाय."

अर्धं घर स्लॅबचं आणि अर्धं कौलारू. मी वर चढलो. मारेगाव दिसत नव्हतं. टेकडीची कड आडवी येत होती आणि तिच्यावर सागाचा पट्टा. मी बांबूला डिश बांधून उंच धरत गेलो. बराच उंच धरल्यावर कुठे मनोऱ्याचा अंधुक सिग्नल लागला. खाली उतरलो तेव्हा काकाजींनी डिश हातात मागितली. ती तळहातावर तोलून म्हणाले, "हिच्यात काही दम नाही दिसत. हिच्यानं पोरगा येईन?"

"सिग्नल चांगला भेटला तं येतील."

"आन् नाही भेटला तं?"

मी बांबू भिंतीला टेकवला.

"तं थे बी सांगजो," ते म्हणाले. "मनधरणी नको करू. माप खरं पाहिजे."

समोरच्या घरातून एक बाई हातात वाटी घेऊन आल्या. या प्रमिलाकाकू. नवरा नाही, शेतात मजुरीला जायच्या, आणि काकाजींचं दोन्ही वेळचं जेवण त्याच बघायच्या. तोंडाने मात्र फाटक्या.

"झालं का? आता हवेतून नेट येईन," त्या मला म्हणाल्या. "बुढा अर्धी भाकर ठेवून देते, थे तुह्या नेटवर दिसन का रे त्याच्या पोराले?"

"तू कायले बोलतं वो पोट्ट्याले?" काकाजी म्हणाले. "भाजीत मीठ टाकत जाय पहिले."

"मीठ खाऊनच तं झटका आला तुमाले."

मला हसू आलं. दिवस मावळला होता, त्यांनी मलाही जेवायला बसवलं. जेवण झाल्यावर काकाजींनी बटणांचा जुना फोन काढला, काठी टेकत शाळेच्या भिंतीपर्यंत गेले. मी गाडी घेऊन त्याच बाजूने निघालो होतो, म्हणून थांबलो. त्यांनी नंबर लावला. वाजला, आणि तिकडून कट झाला. त्यांनी समाधानाने फोन खिशात टाकला.

"उचलला नाही का भाऊनं?"

"उचलाचा नसते. वाजला म्हंजे मी जेवलो हे त्याले समजलं. त्यानं कापला म्हंजे त्याले समजलं हे मले समजलं." मी बघत राहिलो तर म्हणाले, "पैसा बी नाही लागत. इतकी वर्षं असंच चालू हाये. त्याची माय होती तवा ती लावत जाय."

आमच्याकडे मिस कॉलवर अर्धा जिल्हा चालतो. पोचलो म्हणून मिस कॉल, बस स्टँडवर घ्यायला या म्हणून मिस कॉल. तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नाही. उलट छान वाटलं. मी म्हणालो, "आता नेट टिकलं का भाऊच घरी येतील." ते म्हणाले, "येईन तवा येईन. तोवर जेवलो हे तं रोज सांगा लागते ना."

उंच लोखंडी पोल लागणार होता. गुड्डूभाऊंनी सुरुवातीला कुरकुर केली, पण उतरवलेल्या कनेक्शनांचे पोल दुकानामागे पडलेच होते. त्यातले दोन जोडून एक केला. चार बाजूंनी ताणाच्या तारा बांधल्या. सिग्नल मिळाला. पानं भरून आली तरी मिळेल इतका वर होता. मी मस्कतला कळवलं. अरविंदभाऊ हसले, म्हणाले, "अमोल, तुह्यासाठी खजूर आणतो." कंपनीची चाचणी पुढच्या सोमवारपासून ठरली. काकाजींनी आतल्या खोलीतली पेटी बाहेर काढून पोराच्या टेबलासाठी जागा केली आणि मला मुद्दाम बोलावून दाखवली.

सोमवार यायच्या आत एका संध्याकाळी प्रमिलाकाकू नेहमीसारखं ताट ठेवून घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन आल्या, तर काकाजी शाळेच्या वाटेवरही नव्हते आणि ओसरीवरही नव्हते. घराच्या मागच्या अंगणात पडले होते. डोळे उघडे, तोंड एका बाजूला ओढलेलं. फोन अंगाखाली. मारेगाववरून गाडी आणून त्यांना यवतमाळला नेलं. डॉक्टर म्हणाले, काल संध्याकाळीच आणायला हवं होतं. जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

अरविंदभाऊ मिळेल त्या विमानाने आले. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते यवतमाळच्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर. फोनवरच्या आवाजावरून मला उंच माणूस वाटला होता. ते काकाजींसारखेच ठेंगणे होते.

बोलणं झालं ते नंतर, काकाजींना घरी आणल्यावर. वाऱ्याने डिश थोडी फिरली होती म्हणून मी छतावर गेलो, तेही वर आले. मी पोलाची तार आवळत होतो. ते माझ्याकडे पाठ करून टेकडीकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी बाबांचा फोन आलता मले."

मी पाना खाली ठेवला.

"रोजच्याच वेळेले. थोडा आधी, पण तितकं कोण पाह्यते. मी कंपनीच्या कॅम्पात पोळ्या लाटून राह्यलो होतो. हाताले पीठ. नाव दिसलं बाबांचं. बरं वाटलं, जेवले म्हणून. मी कापला ना अमोल. रोज कापतो तसा. कोपरानं बटण दाबलं."

मागच्या अंगणात रेंज कशी लागली, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. एखाद्या वेळी ढगाळ हवेत लागते तिथे, असं गावातले म्हणतात. मी त्यांना हे सांगणार होतो, का कोण जाणे, पण सांगितलं नाही. त्याने काय झालं असतं? मी पाना उचलून तार आवळली.

चाचणी पुन्हा झाली आणि नेट टिकलं. अरविंदभाऊ घरी राहिले.

त्या पावसाळ्यात माझं त्या घरी बरंच जाणं झालं. पेटी काढलेल्या जागी टेबल आणि त्यावर मोठा स्क्रीन. टेबल भिंतीकडे तोंड करून न ठेवता तिरपं ठेवलं होतं, म्हणजे काम करताना काकाजींची खाट दिसावी. स्क्रीनवर समुद्रकाठच्या कुठल्या हॉटेलाचे जिने आणि खाटेवर काकाजी. मध्येच उठून ते वडिलांची कूस बदलायचे, तोंड पुसायचे, पुन्हा जिना काढायचे. भरवताना दटावायचे, "बाबा, तोंड उघडा. साईटवरचे मजूर बी इतके नखरे नाही करत." काकाजी डाव्या हाताने वाटी ढकलायचे आणि घशातून एक आवाज काढायचे. अरविंदभाऊ म्हणायचे, "मीठ नाही म्हणून राह्यले." प्रमिलाकाकू दारातून म्हणायच्या, "वाचा गेली तरी मिठाचं भांडण नाही गेलं."

नेट चांगलं होतं. लाईट चांगली नव्हती. पावसाळ्यात आमच्या गावांची लाईट दुपारी गेली की कधी संध्याकाळी येते, कधी दुसऱ्या दिवशी. बॅटरी लावून दिली होती, ती थोडा वेळ निभावायची. मग ते लॅपटॉप पिशवीत घालून मोटारसायकलवर मारेगावला आमच्या दुकानात यायचे आणि केबलच्या भेंडोळ्यांमध्ये बसून नकाशे पाठवायचे. तिकडे वडिलांजवळ कोणी नाही, म्हणून पाठवतापाठवता सारखे उठून उभे राहायचे. कंपनीला हे किती दिवस चालणार? दसऱ्याच्या सुमाराला साहेब बदलला. नव्याने सांगितलं, मस्कतला परत यायचं असेल तर ये, नाही तर राजीनामा दे.

त्यांनी वणीत विचारलं, यवतमाळात विचारलं, पुसदला एका ओळखीच्या इंजिनिअरकडे जाऊन आले. त्या वर्षी कापसाच्या पट्ट्यात नवं घर कोण बांधणार होतं? औषधं, फिजिओथेरपीवाला, यवतमाळच्या खेपा चालूच होत्या. महिना-दीड महिना त्यांनी ओढलं. मग एक दिवस दुकानात येऊन मला म्हणाले, "अमोल, कॅमेरा भेटते ना? नेटवर लावाचा?"

मी हो म्हणालो. असे कॅमेरे आम्ही दुकानांना लावून देत होतो. एका बाजूला स्पीकर असतो, लांबून बोलताही येतं.

"मस्कतमधून चालन?"

"चालन भाऊ. वर जाणारा वेग चांगला हाये तुमच्याकडे."

बोललो आणि मलाच कसंतरी झालं.

कॅमेरा लावायला गेलो त्या दिवशी मी खाटेच्या समोरच्या भिंतीत भोक पाडत होतो. काकाजी माझ्याकडे बघत होते. अरविंदभाऊ त्यांना समजावत होते, "बाबा, मी तुमाले रोज पाहीन. आवाज देईन. काकू दोन्ही टाईम येईन." काकाजींनी डावा हात उचलून खुंटीकडे केला. पाणी पाहिजे का, विचारलं. नाही. चादर? नाही. हात पुन्हा खुंटीकडे. शेवटी प्रमिलाकाकू म्हणाल्या, "शर्ट मागून राह्यले थे. पांढरा." विहारात वंदनेला जाताना घालायचे तो. आम्ही तिघांनी मिळून त्यांना बसतं केलं आणि तो घातला. काकूंनी केसांवरून पाण्याचा हात फिरवला. मग त्यांनी कॅमेऱ्याकडे बघितलं. अरविंदभाऊ मोबाइल घेऊन अंगणात गेले, दिसतं का ते बघायला. तिथून त्यांचा आवाज भिंतीवरच्या स्पीकरमधून आला, "दिसून राह्यले बाबा. भल्ले साजरे दिसून राह्यले." ते बराच वेळ आत आले नाहीत.

मी हत्यारं गोळा करून निघालो, तर प्रमिलाकाकूंनी मला अंगणाच्या कडेला गाठलं. हळू आवाजात म्हणाल्या, "नेट नसतं तं गेला नसता थो."

हे कनेक्शन व्हावं म्हणून मी टेकडीसमोर बांबू धरून उभा राहिलो होतो.

अरविंदभाऊ गेले. आमच्या दुकानातल्या संगणकावर सगळ्या गिऱ्हाइकांच्या नावापुढे एक ठिपका असतो. कनेक्शन चालू असेल तर हिरवा, बंद असेल तर लाल. नगराळ्यांचा ठिपका लाल झाला, की थोड्याच वेळात मला मस्कतवरून फोन यायचा. "अमोल, बाबा दिसून नाही राह्यले."

"लाईट गेली भाऊ तिकडची. सगळं गाव लाल हाये."

"बरं. आली का सांगजो."

लाईट आली की मी कळवायचो. वर्गात असलो तर बाकाखाली फोन धरून 'आली' एवढंच लिहायचो. परीक्षेच्या दिवसांत गुड्डूभाऊ स्वतः लिहायचे. ते कोणासाठी असं काही करणारे नव्हेत, पण याच्यासाठी करायचे. म्हणायचे, "याचा ठिपका लाल झाला की मले पाणी गोड नाही लागत बे." अधूनमधून मी जाऊन कॅमेऱ्याची काच पुसून यायचो. काकाजी दिवसेंदिवस खाटेत लहान होत होते. भिंतीतून आवाज आला, की मान तिकडे वळवायचे. तेवढंच उत्तर देता यायचं, आणि ते ती मान नक्की वळवायचे.

पुढच्या वेचणीच्या दिवसांतली गोष्ट. दुपारी मी दुकानात होतो. फोन आला.

"अमोल, लाईट हाये का गावात?"

मी संगणकाकडे पाहिलं. ठिपका हिरवा होता. "हाये भाऊ. चालू हाये."

"हाव. मले बी दिसून राह्यलं. मी लय वेळचा आवाज देऊन राह्यलो. बाबा मान नाही वळवत."

"झोपले असतील."

"डोळे उघडे हायेत."

मी शटरही न ओढता निघालो. टेकडीला वळसा घालून जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना वेचणारी माणसं. गावात शिरलो तर गल्लीत कोणीच नव्हतं, सगळे शेतात. दार नुसतं लोटलेलं होतं. खोलीत शिरलो, तसा भिंतीतून आवाज आला, "आला का अमोल? हात लावून पाह्य."

मी हात लावला. नाकाजवळ हात धरला. मनगट पकडलं. मला कुठे काय बघायचं तेही नीट माहीत नव्हतं. शाळेत शिकवलं होतं तसं केलं. हात अजून पुरता गार पडला नव्हता, पण त्यात काही नव्हतं. मी कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"समजलं," ते म्हणाले.

बाहेर कोंबडी ओरडत होती. मला वाटलं ते रडतील, किंवा फोन ठेवतील. मग ते म्हणाले, "अमोल, त्यायच्या डोळ्याजवळ एक माशी बसून राह्यली. मघापासून पाहून राह्यलो मी. थे उडव पहिले."

मी ती उडवली. ती परत आली. खुंटीवरचा टॉवेल घेतला आणि खाटेजवळ खाली बसलो. कॅमेरा चालूच होता. प्रमिलाकाकू शेतातून येईपर्यंत मी तिथे बसून माशा उडवत होतो. तेवढ्या वेळात लाईन एकदाही तुटली नाही.